चार टक्क्यांत पास

लग्नाला दोन वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की मराठी कुटुंबात आपोआप एक चौकशी समिती बसते. अध्यक्ष सासूबाई, सचिव मोठ्या नणंदबाई आणि तज्ज्ञ सदस्य म्हणून डोंबिवलीच्या मावशी, कारण त्यांच्या शेजारणीच्या जावेलाही 'अस्संच' झालं होतं. समितीच्या कामाचा क्रम पिढ्यान् पिढ्या ठरलेला आहे. पहिली विचारणा कुलदैवताकडे. बोडण राहिलंय का, गोंधळ राहिलाय का, आजेसासूंनी बोललेला नवस फेडायचा कुणी विसरलंय का. तिथून प्रकरण पत्रिकेकडे जातं आणि पत्रिकेतून थेट त्र्यंबकेश्वरला, नारायण नागबळीसाठी. मग घराच्या दिशा तपासल्या जातात आणि पलंग आग्नेयेकडून नैर्ऋत्येकडे सरकतो. देव, ग्रह आणि फर्निचर निर्दोष सुटले, की संशय सुनेवर येतो.

सुनेची चौकशी मात्र कसून होते. तिचं वजन, तिची पाळी, तिची नोकरी, तिचं रात्री उशिरा जेवणं, लग्नाआधी तिने खाल्लेली पपई. मग डॉक्टर. रक्ताच्या ढीगभर तपासण्या, सोनोग्राफी, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे बघायला आत औषध सोडून काढलेला एक्स-रे, ज्यात भल्याभल्या बायका कळवळतात. तेवढ्यावर भागलं नाही तर भूल देऊन दुर्बीण. फाइल चांगली जाडजूड झाली, की एखाद्या दिवशी डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत विचारतात, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठाय?"

मिस्टर पंख्याकडे बघतात. उत्तर सासूबाई देतात. "अहो, त्याची कशाला तपासणी? त्याला काय धाड भरलीय? त्याला साधी सर्दीसुद्धा होत नाही."

सर्दी न होणं हा जननक्षमतेचा पुरावा आहे, असं कुठल्याही वैद्यकशास्त्रात लिहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितल्याप्रमाणे जगात साधारण सहातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. आणि अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत कारण पूर्णपणे किंवा थोडंफार पुरुषाकडे असतं. म्हणजे आत बाईची उलटतपासणी चाललेली असते, तेव्हा निम्म्या वेळा दुसरा आरोपी बाहेर बाकावर पेपर वाचत बसलेला असतो. त्याच्या पहिल्या तपासणीला सुई नाही, भूल नाही, उपाशीपोटी यायचं नाही आणि खर्च काहीशे रुपयांचा. घरातली सगळ्यांत स्वस्त आणि सोपी तपासणी सगळ्यांत शेवटी होते, यातच आपल्या समाजरचनेचं सार आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक जुनं गृहीतक आहे. पुरुष म्हणजे बीज, बाई म्हणजे क्षेत्र. पीक आलं नाही तर जमीन वांझ. गंमत अशी, की ज्याच्या धंद्यावरून हा दाखला उचलला, तो शेतकरी स्वतः असं मानत नाही. घरचं सोयाबीन पेरायचं असेल, तर तो मृगाच्या आधी त्यातले शंभर दाणे मोजून घेतो, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो आणि पाच-सहा दिवसांनी उघडून मोड मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं, कमी उगवले तर एकरी बी वाढवायचं, फारच कमी तर पेरायचंच नाही. कृषी विभाग दरवर्षी हे कानीकपाळी ओरडून सांगतो. विकतचं बी उगवलं नाही तर शेतकरी तालुक्याला जातो, 'बियाणं बोगस निघालं' म्हणून तक्रार नोंदवतो, पंचनामा करवून घेतो. आजवर कुठल्याही शेतकऱ्याच्या आईने तालुका कृषी अधिकाऱ्याला, "आमच्या बियाण्यात काही खोट नाही, त्याला साधी सर्दीसुद्धा होत नाही," असं सांगितल्याची नोंद नाही. हाच शेतकरी संध्याकाळी घरी येतो आणि सुनेला औदुंबराला प्रदक्षिणा घालायला पाठवतो.

हे गृहीतक फक्त आपलंच आहे असं मात्र नाही. शुक्राणू पहिल्यांदा जगापुढे आणले ते हॉलंडातल्या डेल्फ्ट गावच्या एका कापड दुकानदाराने. आंतोनी फान लेव्हेनहुक हे त्याचं नाव. भिंगं घासण्यात त्याचा हात इतका बसला होता, की तळ्याच्या पाण्यापासून दातांवरच्या किटणापर्यंत जे दिसेल ते तो भिंगाखाली धरायचा. १६७७ साली योहान हाम नावाच्या एका विद्यार्थ्याने त्याला एका आजारी माणसाचा नमुना आणून दाखवला. त्यात बारीक जीव वळवळत होते. हे रोगामुळे आहेत की निरोगी माणसातही असतात, हे ठरवायला निरोगी नमुना हवा. लेव्हेनहुकने स्वतःचा घेतला. मग लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिताना बिचाऱ्याची तारांबळ उडाली. हा नमुना काही पापाचरण करून मिळवलेला नाही, वैवाहिक संबंधांनंतर निसर्गतः उरलेला आहे, असा खुलासा त्याने केला आणि विद्वानांना किळस वाटली तर पत्र खुशाल बाजूला ठेवावं, असंही सुचवलं. नमुना देताना संकोचलेला इतिहासातला हा पहिला पुरुष. पण त्याने दिला. आपले मिस्टर त्याच्या जवळजवळ साडेतीनशे वर्षं मागे आहेत.

पुढे १६९४ मध्ये हार्टसूकर नावाच्या दुसऱ्या डच माणसाने एक चित्र छापलं. शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक चिमुकला माणूस. आत असं काही असावं, अशी त्याची कल्पना. म्हणजे मूल वडिलांकडून तयार होऊनच येतं, आईने फक्त नऊ महिने जागा द्यायची. आपल्या सासूबाईंना हे चित्र दाखवलं तर त्या फ्रेम करून देवघराशेजारी लावतील. वस्तुस्थिती अशी, की अर्धा वारसा बीजांडातून येतो आणि अर्धा शुक्राणूतून. मुलगा की मुलगी, एवढी एकच बाब शुक्राणू एकहाती ठरवतो, कारण एक्स की वाय हे गुणसूत्र त्याच्याकडेच असतं. चौकशी समितीने नेमकी तेवढीच जबाबदारी सुनेवर टाकलेली आहे.

आता पुरुष तपासणीला जात नाही म्हणजे त्याला या विषयाची काळजी नसते, असा समज कुणी करून घेऊ नये. काळजी तर तो वयाच्या पंधराव्या वर्षापासून करत असतो. मुंबईच्या लोकलने प्रवास केलेल्या प्रत्येकाने रुळांलगतच्या भिंतींवर त्याच्या काळजीची जाहिरात वाचली आहे. लग्नाआधी भेटा, लग्नानंतर भेटा, निराश होऊ नका, पत्रव्यवहार गुप्त. अक्षरं एवढी मोठी, की गुप्त काही राहिलं असेल तर तो फक्त डॉक्टरचा पदवी क्रमांक. या सगळ्या दुकानांचा पाया एका पाढ्यावर उभा आहे. चाळीस जेवणांतून रक्ताचा एक थेंब, चाळीस थेंब रक्तातून मज्जेचा एक थेंब आणि चाळीस थेंब मज्जेतून वीर्याचा एक थेंब.

हा पाढा म्हणणाऱ्यांपैकी कुणी गुणाकार करून पाहिलेला दिसत नाही. चाळीस गुणिले चाळीस गुणिले चाळीस म्हणजे ६४,००० जेवणं. जन्मल्या दिवसापासून दोन वेळ पोटभर जेवणाऱ्या माणसाला त्यासाठी ३२,००० दिवस लागतील. म्हणजे पहिला थेंब वयाच्या ८८ व्या वर्षी, तोही एकही उपास न करता. संकष्टी आणि एकादशी पाळणाऱ्याची नव्वदी उलटेल. वंशवृद्धी या गतीने व्हायची असती, तर देशाला कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाची गरजच पडली नसती. प्रत्यक्षात निरोगी पुरुषाच्या शरीरात दर सेकंदाला हजाराच्या वर शुक्राणू तयार होत असतात. हे वाक्य वाचेपर्यंत निघालेला माल एका तालुक्याच्या गावाला पुरेल. तरीही या पाढ्यापायी तरुण पोरं अशक्तपणा, झोप उडणं, छातीत धडधडणं अशा तक्रारी घेऊन येतात. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्येच या भीतीला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. आजार थेंब जाण्याचा नाही, पाढ्याचा आहे.

मराठीत हे सगळं उघड बोलणारा माणूस होऊन गेला नाही, असंही नाही. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि लैंगिक शंकांना, आडपडदा न ठेवता, गणिताच्या शिक्षकाला शोभेल अशी सरळ उत्तरं दिली. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. दंड झाला, मासिक चालूच राहिलं. तेव्हा लोक अंक लपवून का होईना, वाचत होते. आज आपण भ्रमणध्वनीवर जगातला कुठलाही चित्रपट बघतो आणि 'वीर्यतपासणी' हा शब्द मात्र 'त्याचा तो रिपोर्ट' असा हळू आवाजात उच्चारतो.

हे सगळं मला पाठ व्हायचं कारण माझा भाचा. ताईचा मुलगा, आयटीत आहे, धायरीला राहतो. 'त्याचा तो रिपोर्ट' करायला तो तयार झाला, पण आईला कळता कामा नये या अटीवर. नमुना घरी घेऊन तासाभराच्या आत डेक्कनजवळच्या लॅबमध्ये पोचवायचा होता. डबी लॅबची, वर नाव आणि वेळ लिहिलेली. साबण नाही, तेल नाही, निरोध नाही आणि सुरुवातीचा भाग सांडायचा नाही, कारण बहुतेक शुक्राणू त्यातच असतात. शिवाय डबी अंगाच्या उबेत ठेवायची. म्हणून ती त्याच्या शर्टाच्या आतल्या खिशात आणि गाडीच्या चाकावर मामा.

लिफ्टमध्येच सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. "काय रे, छातीला हात लावून उभा आहेस, दुखतंय का?" सोबत यायलाच निघाले होते. गाडीत बसल्यावर भाच्याने आधी एसी बंद करायला लावला. मे महिना. "मामा, खड्डे जरा जपून घ्या," तो म्हणाला. सिंहगड रस्त्यावर खड्डा जपून घ्यायला आधी खड्ड्यांच्या मधे रस्ता असावा लागतो. राजाराम पुलाच्या सिग्नलला आम्ही थांबलो तेव्हा त्याने घड्याळ पाहिलं आणि मला पहिल्यांदा जाणवलं, की पुण्यातली वाहतूक ही केवळ नागरी समस्या नाही.

लॅबमध्ये काउंटरवरची मुलगी खणखणीत आवाजाची होती. "सीमेन कोणाचं?" तिने विचारलं. हॉलमधल्या सगळ्या पुरुषांना एकदमच भिंतीवरचं डेंग्यूचं पोस्टर वाचावंसं वाटलं. भाचा पुढे झाला. तिने फॉर्म ओढला.

"अंतर किती?"

"दहा-अकरा किलोमीटर," भाचा म्हणाला.

"दिवसांचं अंतर विचारतेय मी. दोन ते सात दिवसांचं लागतं."

"तीन," भाचा म्हणाला. एवढ्या हळू आवाजात त्याने लग्नाच्या वेळी उखाणासुद्धा घेतला नव्हता.

हे अंतर फार महत्त्वाचं असतं. दोन दिवसांपेक्षा कमी ठेवलं तर संख्या कमी दिसते. आणि 'साठवून ठेवलं तर ताकद वाढेल' या पाढ्यातल्या हिशेबाने महिनाभर थांबलं, तर जुनाट, सुस्तावलेला माल गोळा होतो. पाठीमागच्या खोलीत मग नमुना पातळ होऊ देतात, चौकटी आखलेल्या काचेवर थेंब ठेवतात आणि मोजतात. किती आहेत, किती हलतात, किती सरळ पुढे जातात, किती जागच्या जागी गोल फिरतात आणि किती धडधाकट आकाराचे आहेत. आपल्या घराण्याची अब्रू एक तरुण तंत्रज्ञ खटक्याच्या यंत्रावर टक-टक मोजत असते आणि मधेच चहा आला का विचारत असते.

रिपोर्ट आला. भाच्याने एकाच आकड्यावर बोट ठेवलं. "मामा, नव्वद लाख! चांगले आहेत ना?"

मराठी माणसाला नव्वद लाख हा आकडा मोठा वाटतो, कारण तो त्याने आयुष्यात फक्त गृहकर्जाच्या कागदावर पाहिलेला असतो. इथे मात्र व्यवहार कोटींत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीप्रमाणे खालची मर्यादा एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आणि पूर्ण नमुन्यात ३ कोटी ९० लाख. हलणारे किमान ४२ टक्के, त्यात सरळ पुढे जाणारे ३० टक्के. आणि योग्य आकाराचे किती? चार टक्के. डोकं वाकडं, मान मोडलेली, शेपट्या दोन, अशी शंभरातली शहाण्णव मंडळी असली तरी पुरुष पास. सोयाबीनला शंभरात सत्तर मागणारं जग पुरुषाला चारावर सोडतं. दहावीला आम्हाला पस्तीस लागायचे. एवढी सवलत मिळूनही परीक्षेला बसायचीच ज्याला भीती वाटते, त्याच्याबद्दल काय बोलावं!

डॉक्टरांनी मात्र भाच्याला रडूही दिलं नाही आणि हसूही दिलं नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ही रेषा म्हणजे लक्ष्मणरेषा नाही. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले, अशा पुरुषांतले तळाचे पाच टक्के जिथे संपतात, तिथे ती आखलेली आहे. तिच्याखालच्यांनाही मुलं होतात, वरच्यांनाही कधी होत नाहीत. शिवाय एका रिपोर्टवर निकाल देत नाहीत, दुसरा करावा लागतो. कारण आजच्या नमुन्यातला शुक्राणू आज तयार झालेला नसतो. तो घडायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यानंतर पोहायला शिकायला आणखी आठवडा-दोन आठवडे. म्हणजे दिवाळीत केलेल्या पार्ट्यांचा हिशेब संक्रांतीच्या सुमारास हातात पडतो आणि पावसाळ्यात झालेल्या डेंग्यूच्या तापाची नोंद दसऱ्याच्या रिपोर्टात निघू शकते. सोमवारी तंबाखू सोडून गुरुवारी पुन्हा तपासायला येणाऱ्यांना डॉक्टर नमस्कार करून परत पाठवतात.

मग डॉक्टरांनी भाच्याची दिनचर्या विचारली आणि उष्णतेचं पुराण सुरू झालं. आपल्या शरीराचं तापमान ३७ अंश, पण वृषणांना त्याहून दोन-चार अंश कमी लागतं. म्हणून निसर्गाने ही नाजूक वस्तू शरीराच्या आत सुरक्षित ठेवायची सोडून बाहेर, वाऱ्यावर ठेवली. थंडीत वर ओढायला आणि उन्हाळ्यात खाली सोडायला स्नायूसुद्धा दिला. हत्तीची वृषणं पोटात असतात आणि त्याचं बरं चाललंय, पण हत्ती घट्ट जीन्स घालत नाही आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन रात्री अकराला अमेरिकेतल्या साहेबाशी बोलत नाही. मांडीवर लॅपटॉप घेऊन तासभर मांड्या जुळवून बसलं, की तिथलं तापमान अडीच अंशांहून जास्त चढतं, हे २००५ मध्येच मोजून झालं आहे. त्यात कढत पाण्याची अंघोळ, तासन् तास गाडीची सीट, भट्टीपाशी काम.

आणि चड्डी. २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ६५६ पुरुषांची पाहणी केली. सैल चड्डी वापरणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंचं प्रमाण घट्ट चड्डीवाल्यांपेक्षा २५ टक्के जास्त भरलं. एवढ्यावरून चड्डी बदलली की मूल होतं असं सिद्ध होत नाही, हे संशोधकही मान्य करतील. पण आमच्या आजोबांची ती पट्ट्यापट्ट्यांची, नाडीची, गुडघ्यापर्यंत येणारी आणि दोरीवर वाळत घातली की शेजारी हसायचे ती चड्डी आता ताठ मानेने वाळत घालायला हरकत नाही. तिच्या बाजूने हार्वर्ड उभं आहे.

आजोबांच्या पिढीला आणखीही एक बळ मिळालं आहे. जेरुसलेमचे हगाय लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातले जुने अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये मांडलं, की १९७३ ते २०१८ या काळात मिलिलिटरमागे शुक्राणूंची संख्या निम्म्याहून खाली आली. त्यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, कारण इतक्या वर्षांत मोजण्याच्या पद्धती बदलल्या. पण 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा आधारासकट म्हणायची संधी म्हाताऱ्यांना मिळाली आहे. ती ते सोडणार नाहीत.

सगळ्यांत मोठा घोटाळा मात्र वेगळाच आहे. पुरुषाला वाटतं, की पुरुषत्व आणि जननक्षमता एकच. तसं असतं तर डॉक्टरांचं काम सोपं झालं असतं, मिशी बघून रिपोर्ट दिला असता. ज्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही, असा माणूस दिसायला, वागायला आणि नांदायला अगदी नेहमीसारखा असतो. वीर्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो, बाकीचा द्रव इतर ग्रंथींतून येतो, म्हणून डोळ्यांना फरक कळत नाही. उलट व्यायामशाळेत दंड फुगवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणारा पठ्ठ्या फसतो. रक्तात बाहेरून आलेलं टेस्टोस्टेरॉन पाहून मेंदू म्हणतो, माल भरपूर आहे, कारखाना बंद करा. आणि कारखाना बंद होतो, कधीकधी शून्यावर. शर्टाची बाही फाटेल एवढा दंड आणि रिपोर्टात भोपळा, असे वीर डॉक्टरांना अधूनमधून भेटतात. इंजेक्शनं थांबवली की बहुतेकांचं काम पुन्हा सुरू होतं, पण काही महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त.

दंडाची ही तऱ्हा, तर आहाराची दुसरी. घरी कळलं, की पहिला उपाय स्वयंपाकघरातून येतो. उडदाचे लाडू, डिंकाचे लाडू, खारीक, शेवग्याच्या शेंगा, वर दुधातून शिलाजीत. तीन महिन्यांत संख्या वाढते, पण ती किलोंत. आणि पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर स्त्री-संप्रेरकात करत बसते, म्हणजे लाडवाने पुन्हा पहिल्या पानावर आणून सोडलं. दुकानातल्या महागड्या गोळ्यांचीही फार मोठी कीर्ती नाही. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर जस्त आणि फॉलिक अ‍ॅसिडची चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये लागला. ना वीर्य सुधारलं, ना मुलं वाढली. ज्या गोष्टी खरोखर उपयोगी पडतात त्या फुकट आहेत, म्हणूनच त्यांना गिऱ्हाईक नाही. तंबाखू, सिगारेट, गुटखा बंद. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदीच आहे, फक्त ही बातमी टपरीवाल्यापर्यंत पोचायची आहे. दारू कमी, वजन आटोक्यात, मधुमेह ताब्यात, झोप पुरेशी. आणि ज्या इंजेक्शनचं नाव विचारल्यावर जिमचा ट्रेनर इकडेतिकडे बघतो, ते घ्यायचं नाही.

संख्या घटण्याची पुष्कळ कारणं बोलल्याशिवाय कळतच नाहीत. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथल्या एका रासायनिक कारखान्यात कामगारांच्या आपापसांतल्या गप्पांत एक गोष्ट निघाली. आपल्यापैकी कुणाच्याच घरी अलीकडे मूल झालेलं नाही. त्यांनी तपासण्या करवून घेतल्या, तेव्हा कित्येकांची संख्या फार कमी, काहींची शून्य. ते जे डीबीसीपी नावाचं सूत्रकृमिनाशक तयार करत होते, त्याचा हा प्रताप होता. दोनच वर्षांत अमेरिकेत त्याचा वापर जवळजवळ पूर्ण बंद झाला. एका घातक रसायनाचा छडा लागला, कारण काही पुरुष लाज सोडून खरं बोलले. आपल्याकडे कापसावर फवारणी करणारा उघड्या तोंडाने आणि अनवाणी फवारतो आणि नंतर बायकोला उपास धरायला सांगतो.

भाच्याच्या बाबतीत डॉक्टरांनी नुसतं हाताने तपासलं आणि डाव्या बाजूच्या शिरा फुगलेल्या सापडल्या. व्हेरिकोसील म्हणतात त्याला. शंभरातल्या सुमारे पंधरा पुरुषांत असतं, तपासणीला येणाऱ्या मूल नसलेल्या पुरुषांत तर तीसहून जास्त जणांत, आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यावर लहानशी शस्त्रक्रिया होते. पूर्वी झालेलं गालगुंड, लहानपणी न उतरलेलं वृषण, हार्मोनची गडबड, मार्गातला अडथळा, अशी आणखी कारणं असतात आणि त्यातल्या पुष्कळांवर इलाज आहेत. इलाज नसला तरी रस्ता बंद होत नाही. १९८६ च्या ६ ऑगस्टला परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडून गर्भधारणा घडवली. म्हणजे कोटींची अट असलेल्या परीक्षेत आता एकावरही भागू शकतं. मात्र तो एक आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही. पत्रिकेत तो दिसत नाही आणि पलंग सरकवून सापडत नाही.

तेव्हा चौकशी समितीला एक विनंती. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा सूनबाई पस्तिशीच्या पुढे असेल आणि सहा महिने झाले असतील, तर दोघांची तपासणी एकाच आठवड्यात करा आणि पहिली चिठ्ठी नवऱ्याच्या नावाची काढा. सोनोग्राफी, दुर्बीण, नागबळी, सगळं त्याच्यानंतर. आणि नवरोबांनो, तुम्ही स्वतःहून जा, आईने परवानगी द्यायची वाट बघू नका. काउंटरवरची मुलगी मोठ्याने नाव पुकारेल, हॉलमधले लोक पोस्टर वाचतील, तुम्हाला लाज वाटेल. वाटू द्या. लाजेने शुक्राणू कमी होत नाहीत, तंबाखूने होतात.